धाकटा कडेवर आला तर? चार आणि सात वर्षांच्या मुलांसह पहिला मुक्काम : एक प्रकरण अभ्यास

नागपूरच्या मनीषनगरातलं चौघांचं कुटुंब. बाबांचं वजन ७२ किलो, आईचं ५४. थोरली सात वर्षांची, २१ किलो. धाकटा चार वर्षांचा, १५ किलो. वजनं सुरुवातीलाच दिली, कारण या प्रकरणाचा बहुतेक निकाल या चार आकड्यांनीच लावला.

आईबाबा दोघेही मुरलेले ट्रेकर. सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा मुलं झाल्यापासून माळ्यावर पडून होत्या, त्या डिसेंबरमध्ये खाली निघाल्या. बेत असा होता: शनिवारी रेल्वेने काटोल, तिथून नऊ किलोमीटर चालत मुलांच्या मामाचं संत्र्याचं शेत, रात्री शेतात तंबू, रविवारी त्याच वाटेने परत. आजीचा विरोध होता. "एवढ्याशा लेकराले थंडीत कुठं नेता?" त्यावर बाबांचं उत्तर तयार होतं: पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातली माणसं लेकरंबाळं घेऊन सातपुडा चढतातच की. उत्तर खरं होतं, पण अर्धं. यात्रेला माणसं जथ्याने जातात, एक लेकरू सहा जणांच्या खांद्यांवर वाटलं जातं. इथे खांदे दोघांचेच होते, आणि त्यांवर सॅक आधीच चढलेल्या होत्या.

तो मुक्काम रात्री पावणेतीनला मोडला. सहा आठवड्यांनी, २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत, हेच चौघे त्याच शेतात दोन दिवस राहून आले आणि रविवारी धाकटा निघायला तयार नव्हता. मधल्या काळात विकत घेतलं ते एवढंच: पाठीवर मूल बांधायचं कापडी कॅरियर, चार जाड कॅरीमॅट (जमिनीवर अंथरायच्या फोमच्या मॅट), थोरलीसाठी छोटी सॅक आणि दोन शिट्ट्या. बाकी सगळा फरक हिशेबाचा आणि घड्याळाचा.

पहिला शनिवार

काटोल स्टेशनवरून पायी निघायला साडेअकरा झाले. पहिला किलोमीटर दोन्ही मुलं पळत होती आणि आईबाबांना वाटलं, जमतंय. दुसऱ्या किलोमीटरला धाकटा दर वीस पावलांवर थांबायला लागला. अडीच किलोमीटरवर, पाऊण वाजता, "पाय दुखून राहिले" म्हणत त्याने वाटेतच बसकण मारली. ही त्याची रोजची जेवायची आणि लगेच झोपायची वेळ. पाय खरोखर दुखत असतील किंवा नसतील; पोट रिकामं होतं आणि डोळे मिटत होते, एवढं नक्की. चार वर्षांच्या मुलाकडे या तिन्ही गोष्टींसाठी एकच शब्द असतो, "दुखतंय".

बाबांनी त्याला कडेवर घेतलं. पाठीवर १९ किलोची सॅक, कडेवर १५ किलोचं पोरगं. एकूण ३४ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ४७ टक्के, आणि तेही एका बाजूला कललेलं. दर दोन-तीनशे मीटरवर थांबावं लागे. साडेचार किलोमीटरवर आईने मामाला फोन केला. मामा मोटरसायकलवर आला आणि दोन खेपांत सगळ्यांना घेऊन गेला. शेतावर पोचायला चार वाजले. तंबू उभा राहिला तेव्हा साडेपाच होत आले होते, म्हणजे डिसेंबरच्या नागपुरी संध्याकाळी सूर्य जवळजवळ मावळलेला. स्वयंपाक टॉर्चच्या उजेडात झाला.

थोरलीची गोष्ट वेगळी होती आणि ती अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. तिने साडेचार किलोमीटर निमूट चालून काढले. तिच्या पाठीवर शाळेचंच दप्तर होतं, भरून साडेचार किलो. म्हणजे तिच्या वजनाच्या २१ टक्के. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाने मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती वर्गापर्यंत जाण्यासाठी. इथे तर दप्तर कमरेच्या खाली लोंबत होतं, छातीवर पट्टा नव्हता आणि वाट दगडगोट्यांची होती. रात्री बूट काढले तेव्हा डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला होता. रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. शहाण्या मुलाचा फोड मात्र रात्री बूट काढल्यावरच दिसतो. दोन मुलं असलेल्या घरात हे फार होतं, म्हणून दर तासाला दोघांचेही मोजे काढून पाय पाहायचे, तक्रार असो वा नसो.

रात्रीचं सांगायचं तर, मुलं नऊला झोपली. खाली पाच मिलिमीटरच्या योगा मॅट, अंगावर मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगा. दोनच्या सुमारास धाकट्याने शू केली, बॅग आतून भिजली. कोरडी चड्डी होती, दुसरं पांघरूण नव्हतं. पाऊण तास त्याला कुशीत घेऊन आई बसली, त्याचे हात गरम होईनात. पावणेतीनला मामाला उठवलं आणि सगळे गावातल्या घरी जाऊन झोपले. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. त्या रात्रीची सगळ्यात चांगली व्यवस्था हीच होती की परतायला जागा जवळ होती आणि आईबाबांनी ती वापरायला संकोच केला नाही.

वजनाचा ताळेबंद

परत आल्यावर बाबांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू मोजली. हे काम निघण्याआधी करायचं असतं. ताळेबंद असा निघाला: पाणी ८ किलो, तंबू ४.२, झोपायचं सामान ६.५, कपडे ७, शेगडी-भांडी २.८, खाणं ५, खेळणी-पुस्तकं-सटरफटर २. एकूण ३५.५ किलो. बाबा १९, आई ११, थोरली ४.५, धाकटा १.

आठ लिटर पाणी म्हणजे नुसत्या भीतीचं ओझं. शेतावर विहीर होती. हिवाळ्यात तीन तासांच्या चालीला चौघांना तीन लिटर पुरतं. पुढचं पाणी तिथेच पाच मिनिटं खळखळून उकळून घेता येतं. गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळायचं, मग उकळायचं. क्लोरीनच्या गोळ्या वापरायच्या तर गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही. शेगडी तर रेल्वेतून न्यायलाच नको होती. गॅसचं कॅनिस्टर ज्वलनशील आहे आणि ते घेऊन प्रवास करणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे.

मोठ्या माणसाने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत सामान घेतलं तर दिवसभर चालता येतं. २५ टक्क्यांवर चाल मंदावते, ३० च्या पुढे पाय घसरू लागतात. बाबांची २० टक्के मर्यादा १४.४ किलो, आईची १०.८. पण मुलांसोबतच्या मुक्कामात हा हिशेब पुरत नाही. धाकटा कडेवर आला तर काय उरतं, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो येणार की नाही, असा विचार करत बसू नये. तो येणारच असं धरून सामान भरावं.

धातूच्या सांगाड्याचं, मूल बसवायचं कॅरियर स्वतःच तीन किलोच्या आसपास भरतं आणि बहुतेकांची मर्यादा मूल व सामान मिळून २०-२२ किलो असते. एक-दोन वर्षांच्या, अधूनमधून चालणाऱ्या मुलाला ते उत्तम. चार वर्षांच्या, बहुतेक वाट स्वतः चालणाऱ्या मुलासाठी ते रिकामं वाहत नेणं परवडत नाही. म्हणून मोठ्या मापाचं कापडी कॅरियर घेतलं: ८०० ग्रॅम, २० किलोपर्यंतचं मूल पाठीवर बसतं, गुंडाळलं की टॉवेलएवढं होतं. बांधताना मुलाचे गुडघे त्याच्या ढुंगणापेक्षा किंचित वर असावेत आणि कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेलं असावं. नुसते पाय लोंबले की दहा मिनिटांत मांड्यांना मुंग्या येतात आणि मूल पुन्हा रडतं.

दुसऱ्या वेळचं सामान: तंबू ४.२, कॅरीमॅट १.२, कपडे ३.४, पाणी ३, खाणं १.९, औषधं-टॉर्च-दोरी ०.९, कॅरियर ०.८. एकूण १५.४ किलो. आईकडे ७.६, बाबांकडे ६, थोरलीकडे १.८, धाकट्याकडे फक्त गळ्यातली शिट्टी. मुद्दाम असं बांधलं की तंबूचं कापड (३ किलो) एका पिशवीत, दांड्या आणि खुंट्या (१.२ किलो) दुसरीत. धाकटा पाठीवर आला की कापडाची पिशवी आईकडे जाई: तिचे १०.६ किलो, मर्यादेच्या आत. बाबांकडे उरे मूल, कॅरियर आणि पोटावर सव्वादोन किलोची पिशवी: १८ किलो, बरोबर २५ टक्के. वीस मिनिटांच्या टप्प्यांनी हे नेता येतं. घरी दिवाणखान्यात ही अदलाबदल चार वेळा करून पाहिली, दोन मिनिटांत जमेपर्यंत.

गोधड्या, भांडी आणि चूल मामाकडेच होती. कोणाला ही पळवाट वाटेल. आमच्या मते तीच शहाणी पद्धत आहे. पहिल्या मुक्कामात मुलांसाठी नवी गोष्ट एकच असावी, आणि ती म्हणजे घराबाहेर जमिनीवर झोपणं. स्वतःचं सगळं बिऱ्हाड पाठीवर वाहणं ही तिसऱ्या-चौथ्या वेळची गोष्ट.

गारठा खालून येतो

योगा मॅट इथे फसली. मूल झोपलं की अंगाखालची गोधडी किंवा स्लीपिंग बॅग दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊब जमिनीत उतरते. वरून कितीही पांघरा, खालचा थर पातळ असेल तर उपयोग नाही. पाच मिलिमीटरची मॅट नागपूरच्या फरशीवर ठीक. ओलीत केलेल्या शेताच्या मातीवर नाही. दुसऱ्या वेळी खाली प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर दहा मिलिमीटरच्या बंद छिद्रांच्या फोमच्या कॅरीमॅट एकमेकींवर चार बोटं चढवून, त्यावर एक गोधडी घालून मग मुलं. म्हणजे गोधडी खालीही आणि वरही.

दुसरं, लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत पायाकडे जी मोकळी जागा उरते, ती तापवण्याइतकी ऊब त्या अंगात नसते. अशी बॅग वापरायचीच असेल तर मुलाच्या पायाच्या खाली तिला सुतळीने आवळून टाकावी किंवा उरलेला भाग दुमडून मुलाच्याच अंगाखाली घ्यावा. तोंड झाकू नये. श्वासाची वाफ आत साठून पहाटे सगळं दमट होतं.

शेतातली हवा शहरापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी गार असते आणि सगळ्यात गार वेळ पहाटेची. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, हे विसरू नये. अंदाज आठच्या खाली असेल तर लहान मुलांचा पहिला मुक्काम पुढे ढकलावा.

झोपताना दिवसभराचे घामेजलेले सुती कपडे पूर्ण बदलायचे, बनियनसुद्धा. कोरडे मोजे, कानटोपी. रात्रीचा एक पूर्ण संच आणि एक जादा पांघरूण प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उशाशी ठेवायचं. निजण्याआधी शेवटचं पाणी दीड तास आधी, निजताना एकदा शू, आणि मोठी माणसं झोपायला जातील तेव्हा अर्धवट झोपेतच उचलून पुन्हा एकदा. या शेवटच्या एका गोष्टीने दुसऱ्या वेळची रात्र कोरडी गेली. तंबूत शेगडी, कोळसा, शेकोटीचे निखारे काहीही नाही. बंद कापडात जळण्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं मूल उठत नाही.

मधले सहा आठवडे

नागपुरात उन्हाळी रात्री गच्चीवर झोपायची सवय जुनी आहे. तीच हिवाळ्यात वापरली. पहिल्या शनिवारी तंबू गच्चीवर लावला आणि चौघे तिथे झोपले. दार दहा पावलांवर. धाकटा रात्री एकदा घाबरून उठला, टॉर्च स्वतःच्या हाताने लावून पुन्हा झोपला. कोणता आवाज कशाचा, हे त्याला अंधारात कळणं महत्त्वाचं होतं: तंबूचं कापड फडफडतं तो आवाज, कुत्रं, पहाटेचा पाखरांचा कलकलाट.

चालायचा सराव सेमिनरी हिल्सच्या झाडीतल्या वाटेने सुरू झाला, दीड किलोमीटर. मग अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात अडीच. चौथ्या आठवड्यात रामटेक: इतवारीहून गाडीने, अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढून गडमंदिरावर आणि परत. पायऱ्यांवर थोरलीच्या नव्या सॅकचे पट्टे नीट बसले आहेत का, ते कळलं. धाकट्याची चाल मोजली तर थांबे धरून तासाला सव्वा किलोमीटर भरली. मोठ्यांचा चार-साडेचारचा वेग इथे कामाचा नाही. म्हणून दुसऱ्या वेळी फाट्यापर्यंत ऑटोने जाऊन पांदणीने फक्त ३.२ किलोमीटर चालायचं ठरलं. सव्वाच्या वेगाने अडीच तास, वर अर्धा तास राखीव.

एक अडचण अशी निघाली जिचा विचार कुणी केला नव्हता. फ्लॅटमधल्या कमोडवर वाढलेल्या धाकट्याला उकिडवं बसताच येत नव्हतं. डिसेंबरमध्ये त्याने दोन दिवस शी धरून ठेवली होती आणि पोटात दुखतं म्हणून रडत होता, ते यामुळे. महिनाभर रोज संध्याकाळी अंगणात उकिडवं बसून गोट्या खेळवल्या. पाय आपोआप तयार झाले. शेतात खड्डा वीतभर खोल, विहीर-नाल्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, झाल्यावर माती लोटायची. सोबत मोठं माणूस असणारच. अंधारून आल्यावर एकट्या मुलाला झुडपामागे पाठवायचं नाही, इतक्या जवळही नाही.

याचं कारण विदर्भात सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरच्या भोवती पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आहेत, आणि वाघ-बिबट्या तिथल्या सीमेची पाटी वाचून थांबत नाहीत. शेतशिवारात त्यांची ये-जा असते. राखीव जंगलात परवानगीशिवाय पायी फिरणं आणि तंबू ठोकणं बेकायदा आहेच. लहान मुलांसह तर तो विचारही नको. शेतात मुक्काम करतानाही चाल सूर्य वर आल्यावर सुरू करायची आणि मावळायच्या तासभर आधी संपवायची. रांगेत एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये. मुक्कामाआधी मामाला विचारायचं: गेल्या पंधरा दिवसांत शिवारात कुणाचं जनावर गेलं का, कुणाला पगमार्क दिसले का? उत्तर "हो" असेल तर गावातल्या घरी झोपायचं.

पाय, आणि पोट

मुलांच्या पायात नवे कोरे बूट घालून निघू नये. महिनाभर शाळेव्यतिरिक्त रोज घालून मुरवावे, अंगठ्यापुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी जागा हवी, मोजे दोन जोड्या. मऊ फोमच्या तळव्याचे हलके बूट बागेत छान वाटतात, पण पांदणीत बाभळीचा काटा त्यातून आरपार येतो. तळवा नखाने दाबून पाहावा. नख रुतलं तर तो बूट शिवारात चालणार नाही. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताचं कुसळ मोज्यात शिरतं आणि चालताना आत आत जातं. फुल पॅंट मोज्यात खोचली आणि वरून रबर लावलं तर बरंच वाचतं. चिमटा सोबत हवाच. अवकाळी पावसानंतर काळ्या मातीत जाऊच नये. दर पावलाला बुटाखाली पावशेर गोळा चिकटतो आणि मूल शंभर मीटरमध्ये हरतं.

टाच लाल दिसली की लगेच, फोड यायच्या आधी, औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी लावावी. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापले तर मोज्यात गुंडाळत नाहीत.

खाणं दर चाळीस मिनिटांनी, मुलांनी मागायच्या आधी. मूल भूक लागली असं सांगत नाही, ते भांडायला लागतं. दुसऱ्या वेळी सोबत होतं: गूळ-शेंगदाणे, फुटाणे, खजूर, सांबारवड्या (कोथिंबीर भरलेल्या) आणि दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, ज्या हिवाळ्यात दोन दिवस मऊ राहतात. संत्री सोलून नेली नाहीत, अख्खी नेली. सोलायचं काम थोरलीचं. चार वर्षांच्या मुलाला चालता चालता शेंगदाणा-फुटाणा द्यायचा नाही. घशात अडकतो. बसवून, चावून, मग चालायचं. रात्री मामाच्या चुलीवर साधी मुगाची खिचडी आणि तूप. मोठ्यांनी सावजी रस्सा करायचा मोह आवरला, कारण मुलांचं पोट बाहेरच्या रात्री नव्या तिखटाला तयार नसतं.

शेतातले धोके

जंगलापेक्षा शेत सुरक्षित, असं शहरी माणसाला वाटतं. लहान मुलांसाठी ते पूर्ण खरं नाही. मामाने दुसऱ्या वेळी पोचल्या पोचल्या मुलांचा हात धरून सगळं शेत फिरवून दाखवलं, आणि तो या मुक्कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास होता.

शेततळं पहिलं. त्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. तंबू तिथून निदान शंभर मीटरवर, आणि मूल त्या दिशेला गेलं की मोठ्याने उठायचं, हाक मारून थांबायचं नाही. कठडा नसलेली विहीर तशीच. दुसरं, रानडुकरांसाठी लावलेली विजेच्या झटका मशीनची तार. "शेतातली कोणतीही तार हात लावायची नाही" एवढं एकच वाक्य मुलांना शिकवायचं. चालू कोणती, बंद कोणती हे त्यांना ठरवायला लावू नये. तिसरं, बागेवरची फवारणी. जानेवारीत मृग बहाराची फळं झाडावर असतात आणि मुलांचा हात जातोच. कधी फवारलं ते विचारायचं, मामाने तोडून धुऊन दिलेलंच खायचं.

आणि साप. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश झोपेत कळतही नाही इतका कमी दुखतो, आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेली माणसं तिला बळी पडतात. म्हणून चांदण्याखाली सतरंजी टाकून झोपायची हौस मुलांसह नको. शिवलेल्या तळाचा तंबू, चेन दिवसाही पूर्ण बंद, बूट आत, सकाळी घालण्याआधी उलटे करून आपटायचे. विंचू बुटात बसतो. दंशाची नुसती शंका आली तरी चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही न करता, तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. पहाटे मुलाच्या पापण्या जड होऊन उघडेनाशा झाल्या किंवा पोटात दुखून उलटी झाली, तर ती झोप किंवा अपचन समजू नये.

औषधांत एक चूक नेहमी होते. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. डोस मुलाच्या वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या धाकट्याला २२५. एका बाटलीतून ते साधारण ९ मिलिलिटर, दुसरीतून साडेचार. रात्री टॉर्चच्या उजेडात हा हिशेब करू नये. डॉक्टरांना विचारून प्रत्येक मुलाचं नाव आणि मिलिलिटर बाटलीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवावं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट पेल्यात नाही.

शिट्टीचा नियम मुलांना घरीच शिकवला: हरवलं असं वाटलं की जिथे आहेस तिथलं झाड धरून थांबायचं, तीन वेळा वाजवायची, मोजायचं, पुन्हा तीन वेळा. खेळात वाजवली तर शिट्टी एक तास आईकडे. थोरलीची एकदा गेली, पुन्हा गेली नाही.

दुसरा शनिवार

फाट्यावरून पावणेदहाला निघाले, पावणेएकला पोचले. तीन तास, ३.२ किलोमीटर. धाकटा दोनदा पाठीवर आला, मिळून पस्तीस मिनिटं, त्यात दुसऱ्या वेळी तो कॅरियरमध्येच झोपला, ठरल्याप्रमाणे. वाट दाखवायचं काम थोरलीकडे होतं. मामाने काढून दिलेल्या कागदावर विहीर, मोठं कडुनिंब, ट्रान्सफॉर्मर, नाला अशा खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेवर खाऊ. चार वाजता तंबू लावला, खुंट्या ठोकायचं काम धाकट्याचं, सहाच्या आत जेवणं. थोरलीच्या उजव्या टाचेवर लाली दिसली ती सव्वाअकराला, पट्टी लागली, फोड आला नाही. पहाटे साडेपाचला मुलांची नाकं गार होती, हात-पाय आणि पोट गरम. नाकावर जाऊ नये, मानेखाली हात घालून पाहावं.

फसलं ते एकच. तीन लिटर पाणी कमी पडेल या धास्तीने आईने स्वतः फार कमी प्यायलं आणि दुपारी तिचं डोकं दुखलं. पुढच्या वेळी अर्धा लिटर जास्त, आणि ते तिच्या १०.६ किलोवर चढणार म्हणून कपड्यांतून तेवढं काढायचं.

पुढचा मुक्काम फेब्रुवारी संपायच्या आत उरकावा लागेल. मार्चच्या मध्यानंतर नागपूरकडचं ऊन लहान मुलांना चालू देत नाही, मग थेट नोव्हेंबर. तोवर धाकटा सोळा-साडेसोळा किलोचा होईल आणि बाबांचे १८ किलो १९.५ होतील, २७ टक्के. कॅरियरची मर्यादा २० किलो असली तरी बाबांची २५ टक्केच आहे. म्हणून नोव्हेंबरसाठी वाट अशी शोधणं सुरू आहे, जिच्यावर कुठूनही गाडीरस्ता एक किलोमीटरच्या आत असेल, आणि मामाला आत्ताच सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी तोही सॅक घेऊन चालेल.